तीनदा पुकारलेली बाई

११ फेब्रुवारी, मंगळवार

मला लिहायची हौस नाही. पाचवीपर्यंत शाळा झाली. त्यानंतर लिहिलं ते कपड्यावर खडूनं आणि चिठ्ठीवर पेनानं. कंबर अर्धा इंच आत, बाही एक इंच वर, शनिवारी देणे. पण प्रवासी तक्रार केंद्रातला माणूस म्हणाला, "मावशी, सगळं लिहून ठेवा. तारीख, वेळ, कोण काय म्हणालं ते. आज आठवतंय ते महिन्यानं आठवणार नाही, आणि विमानवाले नेमकं तेच विचारतील."

मी म्हटलं, मला मावशी म्हणू नका. तो म्हणाला, बरं, ताई. म्हटलं, ताई तर मुळीच नको. मग बिचारा "अहो"वर आला. अंगानं काडी, डोकं मोठं, आणि बोलता बोलता सारखा कागदाला कागद टाचत असतो. मी त्याचं नाव टाचणी ठेवलंय. तोंडावर नाही म्हणत.

वही ह्यांनी आणून दिली. हे छापखान्यात बांधणीला आहेत. रेघा तिरक्या आल्या म्हणून गिऱ्हाइकानं परत केलेल्या वह्या घरी गठ्ठ्यानं पडल्यात. हे म्हणाले, "तुझं अक्षर तसंही तिरकंच. जमून जाईल."

तर कशासाठी लिहायचं ते आधी लिहिते. माझी थोरली बहीण परदेशात, तिच्या मुलीकडे. ती आजारी पडली म्हणून मी निघाले. विमान नऊ तास उशिरा सुटलं. मी पोचले तेव्हा ताई गेली होती. पैसे नकोत असं मी म्हणणार नाही, मी काही संत नाही. पण मला पैशाआधी कागद पाहिजे. कंपनीच्या शिक्क्याचा, की उशीर आम्ही केला, ह्या बाईनं नाही. तो कागद मी भाचीला पाठवणार. महिना झाला ती माझा फोन उचलत नाही. कागद बघून तरी उचलते का बघू.

१२ फेब्रुवारी, बुधवार

विमानतळावरचा दिवस. टाचणी म्हणाला, वेळेसकट लिहा.

विमान सकाळी सहाचं होतं. मी तीनलाच जाऊन बसले. मी कुठेही आधीच जाऊन बसते. पाच वाजता फळ्यावर आठ लिहून आलं. आठ वाजता साडेदहा आलं. मग वेळच गेली, नुसतं "उशीर" लुकलुकायला लागलं, जसं काही आम्हाला दिसत नव्हतं.

सव्वाआठला मी काउंटरवर गेले. पोरगी वीस-बावीसची, गळ्याला रुमालाची गाठ, तीही उलटी बांधलेली. मी विचारलं, विमान कधी सुटणार. म्हणाली, यंत्रात बिघाड आहे, बघताहेत. म्हटलं, कोण बघतंय, त्याला बोलाव, मी बोलते. हसली. मला हसण्याचा राग आला. मी म्हटलं, "माझी बहीण तिकडे शेवटच्या घटका मोजतेय आणि तू दात काढतेस?" तिनं पासपोर्ट मागितला, एका चिठ्ठीवर नाव उतरवून घेतलं, म्हणाली, "बसा, मी काहीतरी करते." नाव लिहून घेतलं की काम झालं असं वाटतं ह्या लोकांना. चिठ्ठीनं विमान उडतं का?

मग बसून राहिले. शेजारी छत्रीवाला म्हातारा. साडेदहाला मी दोन चहा आणले, एक त्याला दिला. चहा पीत होतो तेव्हा लाऊडस्पीकरवर कुणा बाईला बोलावत होते. श्रीमती अमुकतमुक, सात नंबरच्या खिडकीशी यावं. थोड्या वेळानं परत. मग तिसऱ्यांदा, घाईनं. बाई काही उठेना. मी म्हाताऱ्याला म्हटलं, "काय एकेक माणसं असतात. तीन-तीन हाका मारताहेत आणि ही बया कुठे लोळत पडलीय कुणास ठाऊक." म्हातारा म्हणाला, "झोपली असेल." मी म्हटलं, "अशांच्यामुळेच विमानं रखडतात."

तिसरी हाक झाली तेव्हा अकराला पाच कमी होते. माझा चहा संपला होता, म्हणून लक्षात आहे.

दुपारी तीनला सुटलं. तिकडच्या संध्याकाळी पाचला दार उघडलं. टाचणी म्हणतो कंपनी चाक टेकल्याची वेळ सांगेल, आपण दार उघडल्याची सांगायची. माणूस दारातून उतरतो, चाकावरून नाही. हे मला पटलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

दुकानात आज अकरा पँटी आखूड करायच्या होत्या. एका बाईच्या कोटाचं अस्तर. हात चालू होते तोवर बरं होतं.

पोचल्यावर काय झालं तेही लिहा म्हणाला होता. सव्वासहाला मी हॉस्पिटलात गेले. ताईची खाट रिकामी होती. चादर बदलून झाली होती, उशीला खळगासुद्धा नव्हता. भाची खिडकीशी पाठ करून उभी होती. म्हणाली, "साडेतीनला गेली."

मी म्हटलं, विमान.

ती म्हणाली, "विमान आजचं गं. दहा वर्षं आई बोलावत होती. दर वेळी तुझं काही ना काही. गिऱ्हाइकं आहेत, मशीन नवीन घेतलंय, ह्यांचं पोट दुखतंय. दोन वर्षांपूर्वी तिनं व्हिसाचे कागद स्वतः भरून पाठवले, तरी नाही आलीस. जगाला घाई लावतेस मावशी, आणि इथे यायलाच तुला उशीर."

मी काही बोलले नाही. म्हणजे बोलले. म्हटलं, जीभ आवर. नको होतं म्हणायला.

मग ती म्हणाली, "दोन दिवस ती बरळत होती. कुणा परक्याच बाईचं नाव घेत होती. तुझं एकदाही नाही घेतलं." मला लागावं म्हणून म्हणाली. लागलं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

टाचणीकडे अर्ज भरला. एक रकाना होता, "नुकसानीचे स्वरूप". तो म्हणाला, राहण्याचा खर्च, खाण्याचा खर्च, बुडालेलं काम, असं लिहा. मी म्हटलं, "बहीण" असं लिहा. तो म्हणाला, तसा पर्याय नाही. मी म्हटलं, मग रकाना मोकळा ठेवा. त्यानं मोकळा ठेवला आणि उगाचच दोनदा टाचण्या मारल्या.

घरी येऊन ह्यांच्याशी भांडले. कारण काही नव्हतं. हे म्हणाले, "आज माझी पाळी का?"

२४ फेब्रुवारी, सोमवार

आज एक आई शाळेचा झगा घेऊन आली. थोरलीचा धाकटीला बेतून द्या म्हणाली. शिवण उसवली तर आत कापड अजून कोरं, गडद निळं. बाहेरून विटलेलं. किती वेळ बोटानं तेच चाचपत बसले.

आमचंही तसंच होतं. ताई एका वर्षानं मोठी. तिचे झगे मला. पण तिला गोवर झाला आणि तिचं एक वर्ष बुडालं, म्हणून आम्ही एकाच वर्गात, एकाच बाकावर. ती सगळ्यात शेवटी जागी होणार, सावकाश वेणी घालणार, रस्त्यात कुत्र्याच्या पिल्लाशी बोलणार. मी पुढे जाऊन कोपऱ्यावर पाय आपटत उभी. "चल ना गं गोगलगाय." ती म्हणायची, "शाळा पळून जाते का, घाई?"

घाई हे माझं नाव. महिनाभर आधीच जन्मले म्हणून. आई, वडील, शेजारी, दुकानवाला, सगळे घाईच म्हणायचे. कागदावर घालायचं नाव वडिलांनी कुठूनसं शोधून आणलं होतं, लांबलचक, घरात कुणाला धड म्हणताही येत नव्हतं. ते नाव घेणारा जगात एकच माणूस, हजेरी घेणारे मास्तर. आणि मला ते माझं वाटायचंच नाही. मास्तर नाव घ्यायचे, मी आपली खिडकीबाहेर बघत. मग ताईचं कोपर बरगडीत बसायचं. "हजर म्हण, तू आहेस ती." मी दचकून "हजर". वर्ग हसायचा. कधी मी ताप येऊन घरी असले तर ताई माझ्या आवाजात माझीही हजेरी देऊन टाकायची. मास्तरांना चाळीस पोरी, कुणाकुणाचा आवाज लक्षात ठेवणार.

मास्तर एकदा म्हणाले होते, "हिला हिचं नाव कोपरानं ऐकू येतं."

झगा बेतून ठेवला. शिलाई घेतली नाही. आईनं विचारलं का, तर म्हटलं, जास्त प्रश्न विचारलेत तर घेईन.

३ मार्च, सोमवार

कंपनीचं पत्र आलं. टाचणीनं वाचून दाखवलं. "अपरिहार्य तांत्रिक कारणामुळे." मी विचारलं, अपरिहार्य म्हणजे काय. म्हणाला, टाळता न येणारं. म्हटलं, यंत्र त्यांचं, मिस्त्री त्यांचा, तेल त्यांचं, आणि टाळता कुणी यायचं, मी? तो हसला. म्हणाला, हेच मी जरा सभ्य भाषेत लिहितो.

लिहिलंन. मी सही केली. कागदावरचं नाव लिहायला मला अजूनही वेळ लागतो. मधलं एक अक्षर नेहमी राहतं, मग वर घुसडावं लागतं.

९ मार्च, रविवार

आज कपाट लावलं. प्रवासाची बॅग अजून तशीच. उघडली. वरच ताईसाठी शिवलेला गाऊन. भाची फोनवर म्हणाली होती, डोक्यातून कपडे घालताना आईला त्रास होतो. म्हणून पुढून मोकळा ठेवला होता, वरपासून खालपर्यंत टिच-बटणं, बाह्या सैल, काखेत जास्तीचं कापड, सुईबिई टोचायची असेल तर बाही वर सरकावी म्हणून. निघायच्या आदल्या दिवशी बसून संपवला. माप न घेता. ताईचं माप मला बोटांवर पाठ आहे. पण हल्ली ती किती बारीक झाली होती ते कुठे मला माहीत होतं. मी माझ्या डोळ्यांपुढची ताई बेतली.

तिला पोहायला यायचं नाही, सायकल यायची नाही, गाता यायचं. तेही सावकाश. एक ओळ म्हणायची आणि दुसरी कधी येते म्हणून आपण बघत बसायचं. मी पाचवीत शाळा सोडून शिवणाच्या बाईंकडे बसले तेव्हा ती रोज शाळेतून परत येताना दुकानाच्या खिडकीशी थांबायची. म्हणायची, "आज मास्तरांनी तुझं नाव काढून टाकलं यादीतून. मी हजर म्हटलं तर रागावले." दुसऱ्या दिवशीही म्हणाली असणार. तिसऱ्याही. तिला सोडता यायचं नाही काही.

ती परदेशी गेली तेव्हा मी तिला सोडायला गेले होते. त्या विमानालाही उशीर होता. चार तास आम्ही बाकावर बसून होतो, शेंगा सोलत. ती म्हणाली, "बघ घाई, आज विमानच गोगलगाय झालं." मला वाटत होतं, आणखी उशीर होऊ दे. जन्मात त्या एकाच दिवशी मला असं वाटलं.

गाऊन घडी करून परत ठेवला. बॅग तशीच राहू दे.

१४ मार्च, शुक्रवार

भाचीला फोन केला. वाजून वाजून बंद झाला.

२० मार्च, गुरुवार

टाचणीनं बोलावलं. आज त्यानं खुर्ची पुढे केली तेव्हाच मला शंका आली. हा कधी खुर्ची देत नाही.

कंपनीचं दुसरं पत्र. त्यानं हळूहळू वाचलं. सदर प्रवासी महिलेनं काउंटरवरील कर्मचाऱ्यास बहिणीच्या गंभीर आजाराची कल्पना दिली होती. त्यानुसार कर्मचाऱ्यानं खास प्रयत्न करून साडेअकराच्या दुसऱ्या कंपनीच्या विमानात त्यांच्यासाठी एक जागा मिळवली होती. त्यांच्या नावाची घोषणा दहा चाळीस, दहा अठ्ठेचाळीस आणि दहा पंचावन्न अशी तीन वेळा करण्यात आली. प्रवासी खिडकी क्रमांक सातवर उपस्थित झाल्या नाहीत. सबब नुकसान टाळणं त्यांना शक्य होतं.

टाचणी म्हणाला, "तुम्ही तेव्हा तिथे होतात का? बाहेर कुठे गेला होतात?"

मी म्हटलं, चहा पीत होते.

घरी आले ती कशी आले आठवत नाही. दिव्यांचा सिग्नल लाल असताना रस्ता ओलांडला असणार, कुणीतरी शिवी दिली.

२१ मार्च, शुक्रवार

दहा पंचावन्न. अकराला पाच कमी.

ते विमान तिकडच्या दीड वाजता उतरलं. एक तास रस्ता. म्हणजे अडीच. ताई साडेतीनला गेली.

२२ मार्च, शनिवार

हे सकाळी म्हणाले, काय झालंय ते सांगशील का. वही दाखवली. ह्यांनी बारा फेब्रुवारीचं पान वाचलं. चष्मा काढून पुसला. हे दुसऱ्याचं काही वाचून कधी बोलत नाहीत, छापखान्यातली सवय.

मी म्हटलं, "हे पान फाडून टाकते. टाचणी वही मागणार आहे. ते पान नसलं तर मी म्हणू शकते, मला काही ऐकूच आलं नाही. तीन हाका मारल्या म्हणतात, पुरावा काय? तोच मला म्हणाला, काहीच आठवत नाही म्हणालात तर आपली बाजू भक्कम राहील."

हे म्हणाले, "फाड. पण बांधणीतलं एक सांगतो. ही वही शिवलेली आहे, चिकटवलेली नाही. मधून दुमडलेला एकेक कागद, दोऱ्यावर बसवलेला. अलीकडचं पान फाडलंस की त्याचं जोडपान पलीकडून सुटून येतं."

"कुठलं?"

ह्यांनी बोटानं धरून दाखवलं. पलीकडचं पान चोवीस फेब्रुवारीचं. हजेरीचं.

मी म्हटलं, तुम्हाला आधी सांगता येत नव्हतं? चिकटवलेली वही आणली असतीत तर काय बिघडलं असतं.

हे म्हणाले, "चिकटवलेल्या टिकत नाहीत."

दिवसभर वही मशीनच्या खणात होती. दोनदा काढली, कात्रीही काढली. नाही फाडलं. ताई त्या पानात माझ्या शेजारी बसलीय. तिला कुठे सुटी करू.

२५ मार्च, मंगळवार

टाचणीला वही दिली. म्हटलं, वाचा, सगळी. तिरकं अक्षर आहे, डोकं तिरकं करा.

तो वाचत बसला, मी बाहेर बाकावर. भिंतीवर एक कागद होता, "आपले नाव पुकारल्यावरच आत यावे." किती वेळा आले मी इथे, कधी वाचला नव्हता. मला इथे कधी नावानं पुकारलंच नाही त्यानं. दार किलकिलं करून "अहो, या" म्हणायचा.

आत बोलावलं तेव्हा त्याचे डोळे लाल. म्हणाला, "हे पान मी जोडलंच पाहिजे असं नाही."

मी म्हटलं, जोडा.

"मग लिहू काय? ऐकू आलं नाही असं?"

"ऐकू आलं. ओळखू आलं नाही. असं लिहा."

तो म्हणाला, ह्यानं दावा पडू शकतो. मी म्हटलं, पडू दे. मग त्यानं लिहायला घेतलं आणि मध्येच थांबून म्हणाला, "त्या काउंटरवरच्या मुलीनं खरंच जागा मिळवली होती हो."

मला माहीत आहे. दोन महिने मी तिला शिव्या घालत होते. उलट्या गाठीच्या रुमालाची पोर. तिनं चिठ्ठी घेऊन किती जणांचे पाय धरले असतील. मी टाचणीला म्हटलं, कंपनीला आणखी एक पत्र लिहा. त्या मुलीचे आभार. आणि सांगा, बाई सात नंबरच्या खिडकीपासून वीस पावलांवर होती, चहा पीत होती, आणि तिलाच नावं ठेवत होती.

तो म्हणाला, शेवटचं नको. मी म्हटलं, तेच घाला.

८ एप्रिल, मंगळवार

निकाल आला. आपल्या बाजूनं. कंपनीनं मान्य केलं की गर्दीच्या दालनात लाऊडस्पीकरवर मारलेली हाक म्हणजे जागा दिल्याचा पुरावा होत नाही. लेखी द्यायला हवं होतं, नाहीतर माणूस पाठवून शोधायला हवं होतं. यंत्रातला बिघाडही त्यांच्याच देखभालीचा. वर शिक्का. "झालेल्या विलंबास आम्ही जबाबदार आहोत. आपल्या दुःखात सहभागी आहोत."

टाचणीनं पेढे आणल्यासारखं तोंड केलं होतं. मी म्हटलं, छान लिहिलंत सगळं. तो म्हणाला, "मी कुठे, तुमच्या वहीनं लिहिलं. खोटं बोलणारा माणूस स्वतःला 'बया' म्हणत नाही, असं त्यांचा माणूस फोनवर म्हणाला."

हाच कागद पाहिजे होता मला. दोन महिने त्यासाठी वाट बघितली. तो पर्समध्ये ठेवला आणि बसमध्ये बसले. बस सिग्नलला थांबली तर मला एकदाही पुढे पळावंसं वाटलं नाही.

भाचीला एवढाच पाठवला तर ती म्हणेल, मावशी, माझं चुकलं. आणि मी ऐकून घेईन. आयुष्यभर.

१० एप्रिल, गुरुवार

काल दोन्ही पत्रांचे फोटो ह्यांच्याकडून काढून भाचीला पाठवले. शिक्क्याचंही आणि तीन हाकांचंही. खाली लिहिलं: "उशीर विमानाचा. पण तुझ्या आईचा एक तास मी घालवला. मला बोलावत होते आणि मी उठले नाही. माझंच नाव मला कळलं नाही. तू म्हणालीस ते बरोबर. पुढे बोलायचं नसेल तर नको बोलूस. गाऊन शिवला होता, तो तुझ्याकडे पाठवू का सांग. घाईमावशी."

आज दुकानात झिप बसवत होते तेव्हा फोन वाजला. झिप अर्धी सोडून उचलला. कधी अर्धं काम सोडत नाही मी.

भाची म्हणाली, "मावशी, ह्या पत्रावर नाव कुणाचं आहे?"

मी म्हटलं, माझं.

"तुझं? हे?"

"कागदावरचं. पासपोर्टावरचं. तू कशाला ऐकलेलं असशील. तुझ्या आजीलाही म्हणता यायचं नाही."

मला वाटलं फोन कटला. मी हॅलो हॅलो केलं. मग तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"आई हेच नाव घेत होती," भाची म्हणाली. "दोन दिवस. हेच. मला वाटलं कुणी जुनी शेजारीण. मी नर्सलाही विचारलं, ह्या नावाची कुणी इथे काम करते का. आई हे नाव मोठ्यानं घ्यायची मावशी, मास्तरांसारखं. मग थोडा वेळ थांबायची. आणि मग आपणच म्हणायची, हजर. आवाज बदलून म्हणायची, पोरीसारखा. मला काही कळायचं नाही. मी तिला गप्प करायचे गं."

झिपेचा दात माझ्या बोटात रुतला होता, तो तसाच होता.

भाची म्हणाली, "मी तुला म्हटलं, तुझं नाव घेतलं नाही म्हणून."

"तुला कुठे माहीत होतं," मी म्हटलं. "मला तरी कुठे कळलं."

मग फोन कानाला धरून बसले. दुकानात गिऱ्हाईक आलं, बघून परत गेलं. मी जाऊ दिलं.

बऱ्याच वेळानं भाचीनं ते नाव घेतलं. सगळं, लांबलचक, अडखळत, मधल्या अक्षरावर चुकली आणि परत पहिल्यापासून घेतलं. मग थांबली. ताईसारखीच सावकाश आहे पोर.

ह्या वेळी बरगडीत कोपर बसलं नाही.

मी म्हटलं, "हजर."